मेंदूतली विरळणी

श्रोतेहो, नमस्कार.

चांदीपुरा हे नाव तुम्ही पेपरात वाचलंच असेल. नागपूरजवळचं गाव. 1965 साली तिथल्या तापाच्या रोग्यांमध्ये नवा विषाणू सापडला आणि गावाचं नाव त्याला कायमचं चिकटलं. भिंतींच्या भेगांत दडणारी सँडफ्लाय माशी तो पसरवते. त्यानं लहान लेकराच्या मेंदूला सूज येऊ शकते. लस अजून नाही. म्हणून तापात झटके आले, लेकरू गुंगीत गेलं, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.

विषाणूच्या अशा हल्ल्यात नासधूस एकटा विषाणू करत नाही, आपल्या शरीराचा प्रतिकारही ती करतो. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशी असतात. त्यांच्याजवळ ‘टोलसारखे’ रिसेप्टर, म्हणजे परका ओळखणारी प्रथिनं असतात. विषाणूचा तुकडा तिथं अडकला की पेशीच्या आत एक प्रथिन दुसऱ्याला चेतवतं, निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि सायटोकाइन नावाची रसायनं बाहेर पडतात. त्यांनीच ताप चढतो, अन्नावरची वासना उडते. प्रमाणात असेल तोवर हे बरंच. हाताबाहेर गेलं की चेतापेशीच भरडल्या जातात.

गंमत पुढंच आहे. हा मूळचा ‘टोल’ सापडला फळमाशीत, आणि तिथं त्याचं काम होतं गर्भाची पोटाची बाजू ठरवणं! तोच बुरशीपासून माशीला वाचवतो, हे 1996 मध्ये कळलं; त्या शोधासाठी ज्यूल्स हॉफमन यांना 2011 चं नोबेल मिळालं. एकच प्रथिन, दोन कामं.

आपल्या मेंदूतही असंच. पऱ्हाटी, म्हणजे कापूस, डोबताना एका जागी दोन-तीन सरक्या टाकायच्या आणि मग विरळणी करायची, म्हणजे जादा रोपं उपटायची, ही जुनी रीत. (आता बीटीचं बियाणं महाग, एकेकच टाकतात, ते सोडा.) वाढत्या मेंदूतही चेतापेशींचे जोड आधी गरजेपेक्षा जास्त तयार होतात. मग नको ते काढतं कोण? 2007 मध्ये बेथ स्टीव्हन्स आणि बेन बॅरेस यांच्या गटानं उंदरांत दाखवलं की जंतूंवर खूण करणारी ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनंच या कामातही असतात. ती जोडांवर बसतात. मायक्रोग्लिया आपल्या रिसेप्टरनं ती ओळखते आणि जोड गिळून टाकते.

लहानपणी हे हवंच. पण अल्झायमर, म्हणजे विस्मरणाचा रोग, त्यासारखा आजार घडवलेल्या उंदरांत तीच विरळणी अवेळी पुन्हा सुरू झालेली दिसली, आणि कॉम्प्लिमेंट अडवल्यावर जोड वाचले. माणसासाठी त्याचं औषध करताना खरी अडचण हीच, की हीच प्रथिनं आपल्याला जंतूंपासूनही वाचवत असतात.