पहिला माउथ ऑर्गन घेताना

माउथ ऑर्गन विकत घ्यायला आलेला माणूस दुकानात बहुधा दोनच प्रश्न विचारतो: किंमत किती आणि छिद्रे किती. पहिला प्रश्न रास्त आहे. दुसरा मात्र दिशाभूल करतो, कारण या वाद्यात जास्त छिद्रे म्हणजे तितकेच जास्त सूर असा हिशेब नसतो. नवशिक्याने कमी पैशात वाद्य निवडताना ते किती हलक्या श्वासाने बोलते हे सर्वांत आधी पाहावे, आणि बाकीच्या सर्व गोष्टी त्यानंतर, असे माझे ठाम मत आहे.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. आपल्याकडे २४ छिद्रांचा ट्रेमोलो सर्रास दिसतो. त्यात प्रत्येक सुरासाठी दोन रीड, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या, किंचित वेगळ्या सुरात लावलेल्या असतात आणि त्या एकत्र वाजल्या की आवाजात लहर उमटते. ही लहर गोड असते आणि शुद्ध स्वरांतली सोपी चाल तिच्यावर शोभूनही दिसते; परंतु त्या दोन रीडमुळेच सूर श्वासाने खाली वाकवता येत नाही, म्हणून सा न बदलता कोमल स्वर काढण्याची वाट जवळजवळ बंद होते. क्रोमॅटिकमध्ये बाजूचे बटण दाबून बाराही स्वर निघतात. तो उत्तम वाद्यप्रकार आहे, पण त्याची सरकपट्टी, म्हणजे बटणाने सरकणारी पट्टी, नीट बसवणे हे खर्चाचे काम आहे; स्वस्त क्रोमॅटिकमध्ये तिच्या फटींतून हवा निसटते आणि शिकणारा दमून जातो. तिसरा प्रकार म्हणजे १० छिद्रांचा डायटोनिक. त्यात प्रत्येक छिद्रात फुंकण्याची एक आणि श्वास ओढण्याची एक, अशा एकूण २० रीड असतात. कमी पैशात चांगला मिळणारा आणि पुढे दूरवर नेणारा हाच प्रकार आहे, आणि मी नवशिक्याला तोच सुचवतो.

या दहा छिद्रांची रचना समजून न घेतल्यामुळे अनेकजण वाद्य सदोष आहे असे समजून ते कपाटात टाकतात. पूर्ण सप्तक फक्त मध्यभागी मिळते. डावीकडून चौथे छिद्र फुंकले की सा, ओढले की रे; पाचव्यात ग आणि म; सहाव्यात प आणि ध. सातव्यात मात्र क्रम उलटतो: ओढल्यावर नी आणि फुंकल्यावर वरचा सा. खालच्या सप्तकात म आणि ध थेट मिळत नाहीत, वरच्या सप्तकात नी मिळत नाही. हा कारखान्याचा दोष नाही. फुंकताना कोणतीही शेजारची तीन छिद्रे सुसंवादी वाजावीत म्हणून ही मांडणी मुद्दाम तशी केलेली आहे.

आता पट्टी. पहिले वाद्य सी पट्टीचे, म्हणजे आपल्या पेटीवरच्या पांढरी एकचे घ्यावे. शिकण्याचे बहुतेक साहित्य याच पट्टीत असते, आणि घरी पेटी असेल तर एकेक सूर तिच्याशी लगेच ताडून पाहता येतो. शिवाय एकाच पट्टीत अडकल्यासारखे होते, ही भीती निराधार आहे. याच वाद्यावर चौथ्या छिद्रातला ओढलेला रे सा मानून वर गेलात, तर आठव्या छिद्रापर्यंत काफी थाट पूर्ण मिळतो. सहाव्यात फुंकलेला प सा मानला तर खमाज, आणि तिथलाच ओढलेला ध सा मानला तर आसावरी. कोमल गंधार, कोमल निषाद असे स्वर एकही सूर न वाकवता हाती येतात. भारतीय कानाच्या नवशिक्याला हे कोणी आधीच सांगितले, तर तो या वाद्यात किती रमेल!

किमतीविषयी स्पष्ट बोलतो. दोन-तीनशे रुपयांचे वाद्य खेळण्याच्या विभागातले असते, ते शिकण्यासाठी घेऊ नये. हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास कामाचे वाद्य मिळू लागते. नावावर मात्र विसंबू नये. होनर ही जर्मनीतील ट्रोसिंगेन इथे १८५७ साली सुरू झालेली मान्यवर कंपनी आहे, पण तिची स्वस्त ब्लूजबँड मालिका चीनमध्ये तयार होते. उलट ईस्टटॉपसारख्या चिनी कंपन्यांची या किमतीतली काही वाद्ये मन लावून बनवलेली असतात. रीडच्या पट्ट्या ज्यावर बसवतात तो मधला सांगाडा प्लास्टिकचा असावा. लाकूड ओलाव्याने फुगते, आणि आपल्या पावसाळ्यात त्याचा त्रास अधिकच होतो.

तोंडाला लावलेले वाद्य दुकानदार सहसा परत घेत नाही, म्हणून दुकानात तपासणीचा छोटा भाता असेल तर सर्व २० रीड वाजवून दाखवायला सांगाव्यात. घरी आल्यावर दुसरे छिद्र ओढून आणि तिसरे फुंकून पाहावे: दोन्ही ठिकाणी एकच प आहे, तो ऐकू येण्याइतका वेगळा लागला तर वाद्य बेसूर आहे. पहिले, चौथे, सातवे आणि दहावे छिद्र फुंकल्यावर सा-च लागला पाहिजे. मात्र दुसरे छिद्र ओढताना आवाज घोगरा आला किंवा आलाच नाही, तर लगेच वाद्याला दोष देऊ नये. नवशिक्याचा श्वास तिथे हटकून जोराचा पडतो. जबडा सैल सोडून, नेहमीचा श्वास घेतल्याइतक्याच हलकेपणाने ओढून पाहावे. तरीही रीड मुकी राहिली तर तिच्यात कचरा अडकलेला असेल किंवा ती आणि तिच्याखालचा पत्रा यांतली फट चुकलेली असेल. अशा वेळी उपयोगी पडते ती एक बारीक गोष्ट, जी घेतानाच पाहायची असते: वरची पत्र्याची झाकणे खिळ्यांनी ठोकलेली आहेत की स्क्रूने बसवलेली आहेत. स्क्रू असतील तर झाकण काढून रीड हलकेच साफ करता येते आणि तिची फटही जुळवता येते.