मशीन मागण्याआधी तारखा मागा

नमस्कार मंडळी. आज थेट मुद्द्यावर येते.

स्तनाचा कर्करोग लवकर सापडला, तर बहुतेकींपुढे दोन ऑपरेशनांचा पर्याय असतो. एक, पूर्ण स्तन काढायचा. दोन, गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढायचा, स्तन ठेवायचा आणि नंतर रेडिएशन घ्यायचं. दुसरा पर्याय आयुष्याच्या हिशोबात पहिल्याइतकाच सुरक्षित आहे, हे १९८० च्या दशकापासून मोठमोठ्या चाचण्यांमधून दिसलंय. मग बाई कुठला पर्याय घेते? मोठ्या केंद्रापासून दूर राहणारी असेल, तर बऱ्याचदा ते गाडीचं वेळापत्रक ठरवतं. रेडिएशन म्हणजे रोज एक बैठक, आठवड्यातले पाच दिवस, तीन ते पाच आठवडे. बैठक काही मिनिटांची, प्रवास अख्ख्या दिवसाचा. ती म्हणते, "काढूनच टाका, डॉक्टर." आणि फाइलमध्ये नोंद होते: रुग्णाची इच्छा.

ही "इच्छा" मला फार खुपते. आमच्या स्वयंसेवक गटाचं काम सुरू झालं ते तिच्यामुळेच.

आता आमची चूक सांगते. पहिल्या बैठकीला आम्ही अर्ज घेऊन गेलो: आमच्या भागाला मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढायचं, मशीन द्या. समोरचे अधिकारी म्हणाले, "देतो. चालवणार कोण?" तेव्हा वाटलं, टोलवताहेत. टोलवत होतेच. पण प्रश्न बरोबर होता.

कारण मशीन ही साखळीतली एक कडी. फोटो काढायला प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो, तो वाचायला रेडिओलॉजिस्ट. तरुण बायकांच्या स्तनाची घनता जास्त असते, तिथे मॅमोग्राफीत गाठ लपू शकते, म्हणून सोनोग्राफी लागते. संशय आला की बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढणं. तो तुकडा तपासायला पॅथॉलॉजिस्ट. कर्करोग निघालाच, तर हार्मोनच्या आणि हर-टू नावाच्या प्रथिनाच्या चाचण्या, कारण औषध त्यावर ठरतं. यातलं पुढचं काहीच नसेल आणि मशीन तेवढं आलं, तर काय होईल? संशयाचा कागद हातात घेऊन वाट बघणाऱ्या बायका वाढतील. आधी कळस मग पाया, दुसरं काय!

मग मागायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी एक जागतिक उपक्रम सुरू केला. त्यातले तीन आकडे पाठ करून ठेवा: साठ, साठ, ऐंशी. निदान होणाऱ्या आक्रमक, म्हणजे आसपासच्या भागात शिरलेल्या, कर्करोगांपैकी ६० टक्क्यांहून अधिक पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात सापडावेत. बाई पहिल्यांदा आरोग्यसेवेकडे आली की ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावं. आणि निदान झालेल्यांपैकी ८० टक्क्यांनी उपचार पूर्ण करावेत. बघा, तिन्हींत मशीन हा शब्द कुठेच नाही.

आम्ही मधला आकडा उचलला, कारण तो मोजायला डॉक्टर असावं लागत नाही. एक वही केली. प्रत्येक बाईसाठी पाच तारखा. गाठ पहिल्यांदा दाखवली ती, तपासणी झाली ती, बायोप्सी झाली ती, रिपोर्ट हातात पडला ती, उपचार सुरू झाले ती. सोबत किती चकरा झाल्या ते. नाव लिहायचं नाही, आणि विचारल्याशिवाय एक अक्षरही नाही.

वही भरत गेली तशी गंमत झाली, गंमत कसली म्हणा, डोळे उघडले. आम्हाला वाटत होतं, उशीर तपासणीला होतो. उशीर होत होता बायोप्सी आणि रिपोर्ट यांच्यामध्ये. नमुने साठवून एकदमच बाहेर पाठवले जायचे. म्हणजे करोडोंचं मशीन मागायला निघालेलो आम्ही, आणि अडलं होतं नमुन्यांचा डबा कुठल्या दिवशी निघतो यावर!

पुढच्या बैठकीत आम्ही एकच मागणी ठेवली: नमुने ठरलेल्या दिवशी, आठवड्यातून दोनदा निघावेत. अनुभव सांगितले की समिती हळहळते आणि पुढच्या विषयाकडे वळते, हे तोवर कळलं होतं. म्हणून आधी तक्ता, मग एकाच बाईची गोष्ट. हाच क्रम ठेवा.

आता थोडं अवघड बोलते. "सगळं जवळ द्या" ही मागणी चुकीची आहे. शस्त्रक्रिया वरचेवर करणाऱ्या टीमकडेच व्हावी. युरोपातल्या स्तनतज्ज्ञांच्या संघटनेनं विशेष केंद्रासाठी वर्षाला किमान १५० नव्या रुग्णांचा निकष ठेवलाय, तो उगाच नाही. पण केमोचे बरेच डोस प्रशिक्षित नर्स आणि देखरेख असेल तर जवळच्या रुग्णालयात देता येतात. सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर मिळून केस ठरवतात ती बैठक व्हिडिओवर होऊ शकते. त्यासाठी बाईला गाडीत बसवायची गरज नाही. ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी काढणारी नळी (ड्रेन), हाताची सूज, व्यायाम, हे बघायला गावाजवळ एक जाणकार नर्स असली तरी कितीतरी फेऱ्या वाचतात.

आणि रेडिएशन? २०२० मध्ये ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष आले. लवकरच्या टप्प्यातल्या बऱ्याच रुग्णांमध्ये एका आठवड्यातल्या ५ बैठका तीन आठवड्यांतल्या १५ बैठकांपेक्षा कमी परिणामकारक ठरल्या नाहीत. प्रत्येकीला ते चालेल असं नाही, ते डॉक्टरच ठरवतील. पण "लांबून येणाऱ्या बाईला हा पर्याय सांगितला जातो का?" हे विचारायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही.

"तुम्ही डॉक्टर आहात का?" हे ऐकावं लागेलच. अमेरिकेतल्या रोझ कुशनरही डॉक्टर नव्हत्या, पत्रकार होत्या. त्या काळी तिथे बाईला बायोप्सीसाठी भूल द्यायचे, आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलेत स्तन काढायचे. जाग आल्यावर तिला कळायचं. १९७४ मध्ये स्वतःला गाठ लागल्यावर कुशनरनी याला नकार दिला, वैद्यकीय साहित्य पालथं घातलं, लिहीत राहिल्या. १९७९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ मंडळावर त्या होत्या, आणि त्या मंडळानं निदान आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वेळी करावी अशी शिफारस केली.

मध्येच एक: हे बघताना तुमच्याच मनात एखाद्या गाठीचा विचार आला असेल, तर व्हिडिओ थांबवा, आधी दाखवून या. वही नंतर.

बाकीच्यांनी सुरुवात एका फाइलपासून करा. ओळखीतल्या, तयार असलेल्या एका बाईच्या. चार तारखा कागदांवर सापडतील. पाचवी, म्हणजे रिपोर्ट प्रत्यक्ष हातात पडल्याची, सहसा सापडत नाही. रिपोर्टवर छापलेली असते ती तो तयार झाल्याची. ती पाचवी बाईंनाच विचारा. वार आणि वेळेसकट सांगतात.