तारीख मिळालीय, तोवर काय?

नमस्कार. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा मी 'तंबाखू आणि मुखाचा कर्करोग' असंच काही सांगेन अशी त्यांची समजूत होती. त्यावर तुम्ही पुष्कळ ऐकलंय, आणि पुडीवरची चित्रं तर टपरीवर रोज दिसतात. मी त्याहून लहान विषय मागून घेतला. तोंडात गाठ लागली, दातांच्या डॉक्टरांनी पाहिलं, 'एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्या' म्हणून चिठ्ठी दिली, आणि तिथली तारीख मिळाली दहा-पंधरा दिवसांनंतरची. त्या मधल्या दिवसांचं माणसाने काय करायचं?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, तोंडाच्या आजारांची. तुमच्या तोंडातून तपासायला काढलेला तुकडा माझ्या टेबलावर येतो. पेशंटशी माझी गाठभेट क्वचितच, ती रिपोर्टच्या खिडकीशी. लोक पाकीट हातात घेतात आणि ते न उघडता आमच्याच तोंडाकडे बघत राहतात. त्या बघण्यात मधल्या दिवसांत काय झालं असेल ते सगळं असतं.

या दिवसांत सगळ्यात जास्त छळते ती जीभ. जिभेच्या टोकाइतकी स्पर्शाला तीक्ष्ण जागा शरीरात फार थोडी, आणि तिला लागलेली वस्तू आहे त्यापेक्षा मोठी वाटते. दाताचा टवका उडाला तर जिभेला विहीर लागते, आरशात पाहिलं तर तीळभर खड्डा. गाठीचंही तेच. एकदा ती लागली की जीभ दिवसभर तिथेच. मग बोटाने दाबून पाहणं, दातांत धरून पाहणं. दोन दिवसांत ती जागा सुजते, लाल होते, दुखायला लागते, आणि माणूस म्हणतो, 'बघा, वाढतेय.' वाढली असेलही, पण ती आपण वाढवली का, हे कळायला आता मार्ग उरत नाही. डॉक्टरांनाही मूळची गाठ दिसत नाही, दाबलेली दिसते.

नंतर येतो मोबाइलचा टॉर्च. आयुष्यात पहिल्यांदा माणूस जीभ बाहेर ओढून तिचं मूळ बघतो, आणि तिथे मोठाल्या पुटकुळ्यांची रांग! ती आठ ते बारा उंचवट्यांची उलट्या बाणासारखी ओळ प्रत्येकाच्या जिभेवर असते. जिभेच्या कडेला, अगदी मागे, उभ्या घड्या असतात, त्याही सगळ्यांना. गालाच्या आत, वरच्या दाढेसमोर, एक बारीक उंचवटा असतो. तिथून लाळ येते. ओठांच्या आत पिवळसर रव्यासारखे ठिपके पुष्कळांना असतात. टाळूच्या मधोमध किंवा खालच्या दातांच्या आतल्या बाजूला हाडाचा टणक उंचवटा काहींना असतो. तो वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि कवळी बसवायची वेळ आली तरच अडतो. एका गाठीचा शोध घ्यायला निघालेला माणूस रात्री साडेअकराला पाच गाठी घेऊन झोपायला जातो. झोपतो कसला!

खऱ्या गाठींमध्येही साध्या गाठी भरपूर. खालच्या ओठावर निळसर, मऊ, पाण्याने भरल्यासारखा फुगा, जो फुटतो आणि परत येतो: ओठ चावला गेला, लाळेची बारीक नळी तुटली, लाळ आत साचली. गालात दात जिथे मिटतात त्या रेषेवर घट्ट, गुळगुळीत गाठ: चावून चावून झालेली. किडलेल्या दाताखाली हिरडीवर गळू. गरोदरपणात हिरडीवर येणारा, हात लावताच रक्त येणारा लाल मांसल गोळा. हे आम्ही नेहमी पाहतो.

पण ही यादी मी दिलासा म्हणून दिलेली नाही, आणि घरी जाऊन हिच्यावरून स्वतःचं निदान करू नका. टाळूवर हळूहळू वाढणारी, अजिबात न दुखणारी गाठ दिसायला गरीब असते; ती लाळग्रंथीची असू शकते आणि ती तपासलीच पाहिजे. 'दुखत नाही ना, मग सोडून दे' हा आपल्याकडचा सल्ला फार महाग पडतो, कारण तोंडाचा कर्करोग सुरुवातीला पुष्कळदा दुखतच नाही. दुखतंय म्हणून तो कर्करोग, हेही तितकंच चूक. दुखण्यावरून काहीच ठरत नाही.

आता भीतीकडे येते. माझ्या मते या दिवसांत भीती दोन रूपांत येते आणि आपण फक्त पहिलीला भीती म्हणतो. पहिली म्हणजे आरसा, टॉर्च, गूगल, आणि घरच्यांना दर तासाला 'काही नसेल ना गं?' दुसरी म्हणजे 'बघू, सुगी आटपली की जाऊ.' दुसऱ्या माणसाला आपण बेफिकीर म्हणतो. तो बेफिकीर नसतो. तोही पहिल्याइतकाच घाबरलेला असतो, फक्त तो दार लावून बसलेला असतो.

पहिल्याचं आधी बघू. सॅल्कोव्हस्किस आणि वॉरविक या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये, आजाराची धास्ती घेतलेल्या माणसांबद्दल एक गोष्ट मांडली. अशा माणसाला 'काही नाही हो' असं सांगितलं की बरं वाटतं, पण थोडाच वेळ. शंका परत येते आणि तो परत विचारतो. दर वेळी मिळालेला दिलासा पुढच्या विचारण्याची सोय करून ठेवतो. आरशात बघण्याचंही तसंच. म्हणून घरच्यांना माझी विनंती आहे: 'काही नाही, उगाच घाबरतोस' असं सारखं म्हणू नका. एक तर तुम्हाला ते माहीत नसतं, आणि त्यालाही ठाऊक असतं की तुम्हाला माहीत नाही. त्यापेक्षा 'काय आहे ते तुलाही माहीत नाही, मलाही नाही. मंगळवारी जायचंय, मी येतेय बरोबर' असं म्हणा. हे खरं असतं, म्हणून ते टिकतं.

आणि काळजी करूच नकोस, हे सांगणं तर व्यर्थच. बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एक साधी रीत तपासली: काळजीला रोजची ठरलेली वेळ आणि जागा द्यायची. अर्धा तास, संध्याकाळी, एकाच खुर्चीत. दिवसभरात विचार आला की त्याला म्हणायचं, सहाला ये. सहाला खरंच बसायचं आणि करायची काळजी, मनापासून, हवी तर लिहून. झोपण्याआधीची वेळ मात्र ठेवू नका. ऐकायला पोरकट वाटतं, मान्य. पण ज्यांचं डोकं दिवसभर त्या गाठीभोवती फिरतं त्यांना याने जरा मोकळीक मिळते. त्या अर्ध्या तासात गूगल नको, वही घ्या. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्या वहीत उतरवा. गाठ कधी लागली, आकार कमी-जास्त होतो का, कुठला दात टोचतो, कवळी घासते का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, सुपारी, मिश्री, तंबाखू किती वर्षं. फोटो काढायचा तर आठवड्यातून एक, त्याच खिडकीशी, त्याच उजेडात. तारखेला गेल्यावर ही वही तुमच्या धास्तीपेक्षा डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडते.

सुपारीचं मुद्दाम म्हणाले. 'मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी' असं आपल्याकडे शाकाहारी असल्याच्या थाटात सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. तोंड उघडेनासं होणं, तिखट सोसेनासं होणं, गाल आतून ताठरणं, हे तिचंच काम. मिश्री लावणाऱ्या बायका तर ती तंबाखूत धरतच नाहीत, म्हणून डॉक्टरांनी 'तंबाखू?' विचारलं की सरळ 'नाही' म्हणतात. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यात धूर काढणाऱ्यांपेक्षा तोंडात धरणारे कितीतरी जास्त. लपवण्यासारखं काही नाही, लपवलं तर नुकसान तुमचंच. आणि तपासणीची वाट बघतानाच सोडा. कुठलाही रिपोर्ट येवो, त्याचा फायदाच. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सोडायला मदत मिळते.

गाठीवर काही लावत बसू नका. लवंगेचं तेल, चुना, दुखतंय म्हणून तिथेच दाबून धरलेली अॅस्पिरिनची गोळी, यांनी कातडी भाजते. मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने जागा तात्पुरती शांत दिसते आणि खरं चित्र झाकलं जातं. आणि शेजारच्या काकूंची झोपेची गोळी घेऊ नका. झोप उडाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. मन फारच सैरभैर झालं तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, सरकारी आणि मोफत.

मिळालेल्या तारखेपर्यंत थांबू नये अशाही काही गोष्टी आहेत. गिळायला किंवा श्वासाला अडतंय, रक्त थांबत नाही, ताप येऊन चेहरा सुजतोय, गाठ दिवसागणिक वाढतेय, ओठ बधिर झालाय: यातलं काही झालं तर फोन करून आधीची वेळ मागा, नाही मिळाली तर सरळ जा. आणि चिठ्ठी न घेतलेल्यांसाठी: दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, कारण नसताना हलणारा दात, मानेत राहिलेली गाठ, हे दाखवायचंच. लाल चट्ट्याला पांढऱ्यापेक्षा आम्ही जास्त भितो.

आता दार लावून बसलेल्या माणसाकडे वळू. त्याच्याकडे एक वाक्य तयार असतं: 'हत्यार लावलं की पसरतं.' प्रत्येक गावात एक उदाहरण असतं, अमक्याला काही नव्हतं, तुकडा काढला आणि सहा महिन्यांत गेला. तो अमका उशिरा आलेला होता, म्हणून गेला. तुकडा काढल्यामुळे त्याचा आजार सगळ्यांना कळला, इतकंच. तपासणीसाठी तुकडा काढल्याने तोंडाचा कर्करोग पसरत नाही, आणि तो काढल्याशिवाय काय आहे हे खात्रीने सांगता येत नाही. लवकर बघण्याने काय साधतं, त्याचा आपल्याच देशातला दाखला आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी तपासली. २००५ मध्ये निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये, तपासणी झालेल्या गटात तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. मोठी यंत्रं नव्हती.

तुकडा काढल्यावर परत वाट बघणं आलंच, आणि इथे मला माझ्या खोलीतलं सांगता येईल. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत येतो. तो पक्का व्हायला काही तास, मोठा असेल तर दिवस लागतो. मग त्यातलं पाणी अल्कोहोलने काढायचं, नंतर आत मेण मुरवायचं. हे यंत्र बहुधा रात्रभर चालतं. सकाळी मेणाच्या ठोकळ्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. ते काचेवर घेऊन निळ्या-गुलाबी रंगात रंगवतात आणि मग आम्ही बघतो. कधी काप तिरका पडतो, कधी आणखी खोलातला लागतो, कधी खास रंग मागवावे लागतात, त्याला आणखी काही दिवस. हाडाचा भाग असेल तर आधी त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं, त्यात आठवडाही सहज जातो. चौकशीला येणारे सगळे एकच धरून चालतात: उशीर म्हणजे वाईट. तसं नसतं. एखाद्या सरळ सरळ कर्करोगाचा रिपोर्ट आम्ही पटकन सही करून देतो, आणि एखाद्या निरुपद्रवी पण चमत्कारिक गाठीवर दोन-तीन जणं मिळून डोकं खाजवत बसतो. तुकडा देतानाच विचारून ठेवा: रिपोर्ट कधी, कुणाकडून, आणि तो समजावणार कोण. पाकीट एकट्याने रिक्षात उघडू नका, त्यातली भाषा तुमच्यासाठी लिहिलेली नसते.

तुमच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या आहेत, दोन घेते. पहिली: रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तुकडा काढण्याआधी बंद करावी का? आपल्या मनाने अजिबात नाही. गोळीचं नाव लिहून न्या. हृदयाचे डॉक्टर आणि तुकडा काढणारे डॉक्टर मिळून ठरवतील. पुष्कळदा ती बंद करावी लागतच नाही.

दुसरी एका ताईंची आहे. 'मालकांच्या गालात गाठ आहे, चिठ्ठी मिळून महिना झाला, येतच नाहीत. काय सांगून नेऊ?' ताई, पुडीवरचं चित्र दाखवू नका, ते त्यांनी तुमच्याआधी पाहिलंय. त्यांना एकट्यात विचारा, नक्की कशाची भीती वाटते? बहुतेक वेळा दोनच उत्तरं येतात: जबडा काढतील, आणि पैसे कुठून आणायचे. पहिल्याला सांगा की पहिल्या दिवशी फक्त बघतात, फार तर तुकडा घेतात, तोही त्या जागेपुरतं इंजेक्शन देऊन. दुसऱ्यासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्या, आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात त्यांना आधी भेटा. दवाखान्यात आत त्यांच्याबरोबर जा, पण तंबाखूचं तुम्ही सांगू नका. ते बाहेर बाकावरच ठरवून घ्या, की ते स्वतः सांगतील.