पोच

नमस्कार, श्रोतेहो.

रात्रीचे पावणेतीन वाजले होते. आई दारापाशी उभी होती. पायात चपला, हातात रिकामी पिशवी. "मला घरी जायचंय," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ज्या घरात चाळीस वर्षं राहिली त्याच घराच्या दारात उभी राहून. आईला स्मृतिभ्रंश होता. असं माणूस ज्यांनी सांभाळलंय त्यांच्या कानांत हे वाक्य कायमचं बसलेलं असतं. तासभर समजूत घालून मी थकलो होतो. तिला कशीबशी खुर्चीत बसवली, शेजारी बसलो आणि मोबाइलवर एका ग्रुपमध्ये लिहिलं, "कोणी जागं आहे का?" स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्या साठेक माणसांचा तो ग्रुप. मला त्यात येऊन चारच दिवस झाले होते. त्यातल्या एकाही माणसाचा चेहरा मी पाहिलेला नव्हता.

मिनिटभरात उत्तर आलं. "आहे. बोला."

लिहिणाऱ्या एक ताई होत्या. नावापुढे स्वतःच्या फोटोऐवजी पांढऱ्या फुलाचं चित्र. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "चपला घातल्यात का त्यांनी?" मी म्हटलं, "हो." "मग काढायला लावू नका. वाद घालू नका. 'चला, जाऊ या' म्हणा आणि घरातल्या घरात फेऱ्या मारा." त्या रात्री आम्ही मायलेकांनी स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत सात फेऱ्या मारल्या. सातव्या फेरीला आई पलंगापाशी थांबली, म्हणाली, "आलं बाई घर एकदाचं," आणि झोपली.

युक्ती उपयोगी पडली, हे खरंच. पण नंतर कितीतरी दिवस मला आठवत राहिला तो त्याआधीचा क्षण. "आहे. बोला." तोवर आई दाराकडेच बघत होती, माझी कुठलीच अडचण सुटलेली नव्हती, तरी छातीवरचं ओझं निम्मं उतरलं होतं. आज मला बोलायचंय ते त्या 'आहे'विषयी.

आपल्याकडे पोच हा एक फार नेमका शब्द आहे. पत्राची पोच, पैशांची पोच. पाठवलेलं मिळालं, एवढंच ती सांगते. मजकूर पटला की नाही, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. आणि मला दिवसेंदिवस असं वाटू लागलंय, की चार माणसांत आपण 'इथले' आहोत ही भावना माणसाच्या मनात उगवते ती अशा पोच मिळण्यातून. मतं जुळणं, स्वभाव जुळणं, या पुढच्या गोष्टी. आधी कुणीतरी 'मिळालं' म्हणावं लागतं.

आजचं इंटरनेट ज्या जाळ्यातून वाढलं, त्यावरून पहिला निरोप पाठवला गेला, तेव्हाही पहिली गरज हीच पडली होती. २९ ऑक्टोबर १९६९ची रात्र. लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून चार्ली क्लाइन हा विद्यार्थी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकावर 'लॉगिन' हा शब्द पाठवत होता. दोन्हीकडच्या माणसांच्या कानाला साधा टेलिफोन. त्याने 'एल' टाइप केला आणि फोनवर विचारलं, "मिळाला?" पलीकडून आलं, "मिळाला." मग 'ओ'. तोही मिळाला. पुढच्या अक्षराला पलीकडचा संगणक बंद पडला. तासाभरानं जोडणी पूर्ण झाली ती वेगळी गोष्ट. पण मला ते दोन 'मिळाला' फार जवळचे वाटतात. एवढं मोठं जाळं पुढे विणलं गेलं, त्याच्या पहिल्याच टाक्याला एका माणसानं दुसऱ्याला 'पोचलं का?' असं विचारलेलं आहे.

आता याची दुसरी बाजू. पोच न मिळाल्यावर काय होतं?

किपलिंग विल्यम्स नावाचे एक समाजमानसशास्त्रज्ञ आहेत. १९८०च्या दशकात ते एकदा बागेत आपल्या कुत्र्याबरोबर बसले होते. फेकाफेकीची एक फ्रिस्बी घरंगळत त्यांच्या पाठीशी आली. त्यांनी ती खेळणाऱ्या दोघांकडे परत फेकली, त्यातल्या एकानं ती पुन्हा यांच्याकडे टाकली आणि बघता बघता तिघांचा खेळ रंगला. चार-दोन मिनिटांनी ते दोघं एकमेकांकडेच टाकू लागले. भांडण नाही, अपशब्द नाही. यांच्याकडे येणं थांबलं, एवढंच. विल्यम्स सांगतात, की त्या अनोळखी दोघांच्या वागण्यानं त्यांना चांगलंच लागलं, आणि इतकं का लागावं याचं नवलही वाटलं. त्यातूनच पुढे त्यांनी संगणकावरचा एक चेंडूचा खेळ तयार केला. तीन खेळाडू, दोन प्रत्यक्षात संगणकाचे, तिसरं प्रयोगासाठी आलेलं खरं माणूस. सुरुवातीला त्याला दोन-तीनदा चेंडू मिळतो, मग मिळेनासा होतो. काही मिनिटांच्या या खेळानंतर माणसं सांगतात की आपण नकोसे झालो, आपली किंमत कमी झाली, असं वाटलं. २००४मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काही जणांना आधीच सांगून टाकलं की समोर माणसं नाहीत, संगणक आहे. तरीही लागलंच.

बुद्धीला कळतं की पलीकडे कोणी नाही. मन ते ऐकत नाही. २००३मध्ये याच खेळाच्या वेळी मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा शारीरिक वेदनेच्या त्रासात जो भाग जागा होतो, तोच इथेही जागा झालेला दिसला. या निष्कर्षाच्या अर्थावर पुढे संशोधकांत वाद झाले, कारण मेंदूचा तो भाग इतरही पुष्कळ कामं करतो. पण मला स्वतःला आपल्या भाषेची साक्ष पुरेशी वाटते. दगड लागतो आणि बोलणंही लागतं. दोन्हीला आपण एकच क्रियापद वापरत आलोय.

हे सगळं मी सांगतोय खरा, पण आमच्या ग्रुपमध्ये एकाला असं लागलं त्याला मीही कारणीभूत होतो. एक नवीन गृहस्थ आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, "वडील मला ओळखेनासे झालेत. आज मला 'साहेब' म्हणाले." ते मी दुपारी वाचलं. मनात आलं, सावकाश, नीट शब्द सुचले की लिहू. शिवाय एवढी माणसं आहेत, कुणीतरी लिहीलच. प्रत्येकानं हाच विचार केला असणार. नंतर पाहिलं तर चाळीसहून जास्त जणांनी तो निरोप वाचलेला होता आणि खाली एकही ओळ नव्हती. तिसऱ्या दिवशी ते ग्रुपमधून निघून गेले.

१९६८मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये नेमकं हेच तपासलं होतं. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. बोलणं फक्त इंटरकॉमवरून, चेहरा कुणाला कुणाचा दिसत नाही. बोलता बोलता एकाला झटका आल्याचे आवाज येऊ लागतात. ते आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात, पण ऐकणाऱ्याला ते माहीत नसतं. हे एकट्या आपल्यालाच ऐकू येतंय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले शंभरात ८५ जण तो झटका संपण्याआधीच मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त ३१. म्हणजे ऐकणारे वाढले आणि उठणारे कमी झाले. न उठलेली माणसं निर्दय नव्हती. कित्येकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. मोठ्या ग्रुपमध्ये माणसाला एकटं वाटतं याचं आश्चर्य करणाऱ्यांना मी हा प्रयोग नेहमी सांगतो. त्या गृहस्थांना लिहायला मला चांगले शब्द लागणारच नव्हते. 'वाचलं. मी आहे.' एवढं पुरलं असतं.

श्रोतेहो, आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधायचंय, आणि तीही आपल्या भाषेनंच मला दाखवली. 'आम्ही' आणि 'आपण'. जगातल्या अनेक भाषांना या दोन्हींसाठी एकाच शब्दावर भागवावं लागतं. आपल्याकडे मात्र 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो आणि 'आपण' म्हटलं की तो आत येतो. बोलताना आपण क्षणभरही विचार करत नाही, पण दर वाक्याला हे दार उघडत किंवा लागत असतं.

आमचा ग्रुप सुरुवातीला 'आपण'चा होता. 'आपल्याला झोप मिळत नाही', 'आपली चिडचिड होते'. मग एकदा कुणीतरी लिहिलं, "आम्ही काही आमच्या माणसाला केअर होममध्ये टाकणाऱ्यांतले नाही." झालं. त्याखाली होकारांची रांग लागली. आम्ही रात्र रात्र जागतो, आम्ही नोकऱ्या सोडल्या. थकलेल्या माणसांना त्या 'आम्ही'त केवढी ऊब वाटली, हे मी पाहत होतो. मलाही वाटली. लपवण्यात अर्थ नाही. ऊब खरी होती, पण ती मिळवायला कुणाला तरी बाहेर उभं करावं लागलं होतं.

अशी रेघ ओढायला किती थोडं पुरतं, हे हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये दाखवून दिलं. ते मूळचे पोलंडमधले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैनिक म्हणून जर्मनांच्या कैदेत होते. परतले तेव्हा घरची बहुतेक माणसं मारली गेली होती. त्यांनी शाळकरी मुलांचे दोन गट पाडले. तुम्हाला अमुक चित्रकाराची चित्रं आवडली म्हणून तुम्ही या गटात, असं मुलांना सांगितलं. खरं तर वाटणी कशीही केलेली होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना कळत नव्हतं. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. पुष्कळदा तर आपल्याला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवं, अशी वाटणी केली.

आमच्याकडचा तो होकारांचा पूर दोन दिवस चालला. मग एका निवृत्त परिचारिका ताईंनी लिहिलं, "मी माझ्या नवऱ्याला शेवटचे चौदा महिने केअर होममध्ये ठेवलं होतं. रोज संध्याकाळी जाऊन त्यांना भरवत होते." बस, दोन वाक्यं. त्यानंतर पहिल्या तासात सहा जणांनी लिहिलं, मीही ठेवलंय. दोन दिवस ती सहा माणसं तिथेच होती, सगळं वाचत होती आणि गप्प होती.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांचा १९५१च्या सुमाराचा रेघांचा प्रयोग अनेकांना ठाऊक असेल. दाखवलेल्या रेघेएवढी रेघ तीनपैकी कोणती, एवढंच सांगायचं. खरं माणूस एकच, बाकीचे प्रयोगकर्त्यांनी आधीच पढवलेले. ते बाकीचे सगळे एका सुरात चुकीच्या रेघेला बरोबर म्हणू लागले, की दर चार माणसांतली तीन एकदा तरी त्यांच्यात सूर मिसळतात. मात्र बरोबर उत्तर देणारा एकच सोबती मिळाला, तर चुका जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतात. एक सोबती! गर्दी फिरवावी लागत नाही. आमच्या परिचारिका ताई वाद जिंकायला आल्याच नव्हत्या. त्यांनी गप्प बसलेल्यांना पोच दिली, तुमचं मला समजतंय म्हणून.

आता फुलाचं चित्र लावणाऱ्या त्या ताईंविषयी. त्या सासऱ्यांना सांभाळत होत्या. रात्री कुणीही हाक मारली की त्यांचं उत्तर ठरलेलं. एके दिवशी ते यायचं थांबलं. पहिले दोन-तीन दिवस वाटलं, दमल्या असतील. मग आम्ही त्यांच्या नंबरवर फोन लावले, तो बंद. तेव्हा कळलं, की त्यांची झोपेची वेळ, त्यांची पाठदुखी, सासऱ्यांच्या औषधांची नावं आम्हाला पाठ आहेत. त्या कुठल्या गावी राहतात, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. उठून जाऊन कडी वाजवावी, तर कुठल्या दाराची? पडद्यावरच्या नात्याची ही उणीव फार खरी आहे आणि तिच्यावर पांघरूण घालू नये असं मला वाटतं. त्या नात्याला रात्री पावणेतीनला जागता येतं. खांद्यावर हात ठेवता येत नाही. बाराव्या दिवशी त्यांच्याच नंबरवरून त्यांच्या मुलानं लिहिलं, आई रुग्णालयात होती, काल घरी आलीय, आणि सारखी विचारतेय की रात्री कुणी हाक मारली का.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. प्रत्येकानं आपला पत्ता आणि घरच्या एका माणसाचा नंबर ग्रुपमधल्या दुसऱ्या एकाला देऊन ठेवला. आणि दर रविवारी संध्याकाळी हजेरी सुरू केली. बाकी काही लिहायचं नाही, फक्त 'आहे'. जे एरवी कधी एक अक्षर लिहीत नाहीत, नुसतं वाचतात, तेही हा शब्द न चुकता लिहितात. त्यातल्या काहींची नावं मी पहिल्यांदा तिथेच पाहिली.

आई जाऊन आता दोन वर्षं होतील. सांभाळायला माझ्याकडे कुणी उरलं नाही, तरी मी ग्रुपमध्ये आहे. हजेरीचं काम माझ्याकडे आहे. या रविवारी एकसष्टांपैकी अठ्ठावन्न जणांनी 'आहे' लिहिलं. उरलेल्या तिघांना मी फोन केले. एकांचा मोबाइल बिघडला होता. एक ताई प्रवासात होत्या. तिसऱ्यांच्या घरी आज सकाळपर्यंत तीनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. त्यांचा पत्ता ज्यांच्याकडे आहे त्यांचा नंबर इथे माझ्यासमोर लिहून ठेवलाय. हे बोलणं संपलं की स्टुडिओबाहेर पडून आधी तो लावतो.

नमस्कार.