140 कोटींचा हिशेब

नमस्कार, श्रोतेहो.

फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर पडतं. पानठेल्यावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. ‘140 कोटींच्या देशात अकरा पोट्टे भेटत नाहीत का बे?’ म्हणणारा लगेच खर्रा तोंडात टाकतो आणि विषय मिटला असं समजतो. आज मला त्या वाक्याशीच थोडं भांडायचं आहे.

मी वर्धा जिल्ह्यातला, आर्वीकडच्या एका गावचा. आमच्याकडे कापूस, तूर, चणा. 2022 चा वर्ल्ड कप कतारमध्ये झाला तो नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे ऐन वेचणीत. चण्याला ओलीत करायचं तर लाईन रात्रीची. तरी 18 डिसेंबरच्या रात्री साडेआठला अर्जेंटिना-फ्रान्स फायनल सुरू झाली तेव्हा चौकातली चहाची कँटीन भरलेली होती, आणि जे ओलितावर होते ते मोटर सुरू करून धुऱ्यावर मोबाइल घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवसापासून नागपुरात हिवाळी अधिवेशन होतं, पण कँटीनवर त्या रात्री राजकारणाचा एक शब्द निघाला नाही. आमच्या गावात असं फार क्वचित होतं.

भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. पोट्ट्यांनी गावच्या टेलरकडून निळ्या-पांढऱ्या कापडाचा अर्जेंटिनाचा झेंडा शिवून आणला होता. मधला सूर्य ऑइल पेंटनं काढलेला, सूर्य कमी आणि जिलेबी जास्त. तो त्यांनी पाराजवळच्या खांबाला बांधला. फौजेतून रिटायर झालेले एक काकाजी आहेत, ते तिथं थांबले.

‘आपला तिरंगा सोडून हे कोणाचं लावून ठेवलं?’

‘काकाजी, आपली टीम तिथं असती तं आपलाच लावला असता.’

‘नाई हाय ना? मंग पाहू नोका.’

पोट्टे हसले नाहीत, हे मला आवडलं. काकाजींनी झेंड्यासाठी आयुष्याची वर्षं दिली आहेत, त्यांना तसं बोलायचा हक्क आहे. पण मला पटलं पोट्ट्यांचं. दुसऱ्याच्या खेळावर जीव जडला म्हणून आपल्या देशावरचा जीव कमी होत नाही, आणि याचा सगळ्यात चांगला दाखला आपल्याच फुटबॉलच्या इतिहासात आहे.

1962 चा सप्टेंबर, जकार्ता. एशियाडची फायनल, भारत विरुद्ध दक्षिण कोरिया. स्टेडियम खच्चून भरलेलं आणि सगळं आपल्या विरोधात. कारण फुटबॉलचं नव्हतंच. यजमान इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीतले आपले गुरुदत्त सोंधी यांनी त्याला उघड विरोध केला, त्यावरून लोक पेटले, जमाव आपल्या दूतावासावरही चालून गेला. अशा वातावरणात आपली पोरं मैदानात उतरली. जर्नेलसिंगच्या डोक्याला आधीच जखम, टाके पडलेले. हा गडी एरवी बचावात खेळणारा. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला तशा पट्टी बांधलेल्या डोक्यानं पुढं, हल्ल्याला धाडलं. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, एक जर्नेलसिंगचा. 2-1. सुवर्णपदक. रहीमसाहेब पुढच्याच वर्षी कर्करोगानं गेले.

त्या दिवशी त्या एवढ्या मोठ्या स्टेडियमात भारताच्या नावानं ओरडत कोण होतं? आपल्या संघातल्या खेळाडूंनी नंतर सांगितलंय, पाकिस्तानचा हॉकी संघ. त्याच एशियाडमध्ये हॉकीच्या फायनलला ज्यांनी आपल्याला हरवलं, तेच. आता त्यांचा देशाभिमान कमी होता असं काकाजीसुद्धा म्हणणार नाहीत. दीड महिन्यात चीनचं युद्ध सुरू झालं, आणि मला वाटतं त्या धामधुमीत हे पदक लोकांच्या मनातून निसटलं ते निसटलंच. आज कँटीनवर दहा जणांना विचारा, मेस्सीचे त्या फायनलमधले दोन गोल दहाही जण सांगतील. जर्नेलसिंगचं नाव एकही नाही.

त्याऐवजी आपण काय लक्षात ठेवलंय? 1950. ब्राझीलच्या वर्ल्ड कपला आपण पात्र ठरलो होतो, पण बूट नव्हते, अनवाणी खेळू देईनात, म्हणून गेलो नाही. ही गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे, आणि ती सांगताना आवाजात एक चमत्कारिक समाधान असतं. खरं असं की पात्र ठरलो ते गटातल्या बाकीच्यांनी माघार घेतली म्हणून. ब्राझील बराचसा खर्च उचलायलाही तयार होता. आपल्याच फुटबॉल महासंघाला तेव्हा ऑलिंपिक मोठं वाटत होतं आणि वर्ल्ड कपची मातब्बरी कळली नव्हती. अनवाणी खेळणारे आपल्याकडे होते, 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्येही होते, पण न जाण्याचं कारण बूट नव्हते. गरिबीवर खापर फोडलं की निर्णय घेणारे सुटतात. ही खोड जुनी आहे आपली.

आता त्या 140 कोटींकडे येऊ.

2026 च्या वर्ल्ड कपला 48 देश, आणि त्यात क्युरासाव नावाचं कॅरिबियन बेट पात्र ठरलं. लोकसंख्या साधारण दीड लाख. म्हणजे आपलं गोंदिया शहर धरा. ही बातमी आली आणि ते वाक्य पुन्हा जोरात सुरू झालं. पण क्युरासावचे बहुतेक खेळाडू जन्मले आणि घडले ते नेदरलँड्समध्ये, तिथल्या क्लबांच्या अकादम्यांत. बेट दीड लाखाचं असलं तरी शाळा हॉलंडची होती, हे बोलताना कुणी सांगत नाही.

आणि दूर कशाला जायचं? 2017 मध्ये सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला. आपला 21 जणांचा संघ होता, त्यातले 8 एकट्या मणिपूरचे. कोलंबियाविरुद्ध भारताचा जो एकमेव गोल झाला, तो करणारा जॅक्सनसिंगही मणिपूरचाच. 2011 च्या जनगणनेत मणिपूरची लोकसंख्या जवळपास आपल्या यवतमाळ जिल्ह्याएवढी. म्हणजे हिशेब 140 कोटींचा नाहीच. दहाव्या वर्षी ज्या पोराच्या पायात चेंडू आला, ज्याला मैदान मिळालं आणि चुकलं तर सांगणारा कुणी भेटला, तेवढीच पोरं मोजायची. आमच्या तालुक्यात अशी किती निघतील, ते तुम्हीच मोजा. हाताची बोटं उरतील.

त्याच 2017 मध्ये, 15 सप्टेंबरला, राज्यभर एकाच दिवशी लाखो मुलांना फुटबॉल खेळवायचा सरकारी कार्यक्रम झाला. शाळाशाळांत नवे कोरे फुटबॉल आले, आमच्याही आले. दिवस छान गेला, फोटो निघाले. मग पहिला चेंडू बाभळीच्या काट्यानं बसला. सायकलवाल्यानं पंक्चर काढून दिलं, पण हवा भरायची सुई हरवली होती. एवढीशी सुई, ती गावात कुठंच मिळेना. कुणीतरी आर्वीला जाईल तेव्हा आणेल, या भरवशावर चेंडू कपाटात गेला.

मैदानाचं तर विचारूच नका. आपली काळी जमीन कापसाला सोनं, खेळाला वैरीण. पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल, उन्हाळ्यात अशा भेगा की पाय अडकला तर घोटा गेलाच. तिच्यावर मुरूम टाकून दाबला तरच खेळता येतं. मुरूम आपल्याकडे काही दुर्मीळ नाही, घरकुलाला मिळतो, पांदण रस्त्याला मिळतो.

आणि ज्यांनी मैदानाची वाट न बघता सुरुवात केली, तेही आपल्याच भागातले. नागपूरला हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्यातून स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली. बेघरांचा म्हणून एक वर्ल्ड कप असतो, तिथं भारताची जर्सी घालून ही मुलं-मुली खेळून आली. 2016 मध्ये फिफानं या संस्थेला डायव्हर्सिटी पुरस्कार दिला. अर्जेंटिनाच्या झेंड्यावरून आमच्या पारावर तासभर वाद झाला. नागपूरच्या वस्तीतल्या या पोरांनी अंगावर मिरवलेल्या तिरंग्याचा कुणाला पत्ताही नव्हता. काकाजींना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हे टीव्हीवर काऊन दाखवत नाहीत?’

जुलै 2025 मध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 नं हरवलं आणि पहिल्यांदाच पात्रता फेरी जिंकून महिला आशियाई चषक गाठला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पुरुषांचा संघ मात्र तेव्हा हरत होता, आणि कँटीनवर चर्चा त्यांचीच. मुलींचा विषय काढला तर एक जण म्हणाला, ‘पोरी खेळतात का फुटबॉल?’

खेळतात. आमच्याच शाळेच्या आवारात खेळतात. हवेची सुई आता बाईंच्या पर्समध्ये असते, गोलपोस्ट बांबूचे आहेत. पंचायत झालीय ती वेळेची. संध्याकाळी पोट्ट्यांचं टेनिस बॉलचं क्रिकेट, त्यांना बक्षिसाच्या स्पर्धांची तयारी करायची असते. म्हणून पोरींना पहाटेची वेळ दिली, आणि पहाटे घरात पाणी भरायचं कुणी, हा प्रश्न आयांनी विचारला. शेवटी विषय ग्रामसभेत गेला. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळ पोरींना द्यावी, असं काकाजींनीच मांडलं. क्रिकेटवाल्यांचा त्याला कडाडून विरोध आहे, आणि मुरुमाच्या चार ट्रॉल्या टाकून देतो पण रविवार आमचा, असा त्यांचा उलट प्रस्ताव आला आहे. पुढच्या ग्रामसभेत काय ठरतं ते पाहायचं. मी पोरींच्या बाजूनं हात वर करणार आहे, पण मुरूम सोडायला माझाही जीव होत नाही.

नमस्कार.