ब्लाइंड फेथ: सहा गाण्यांचा संसार

७ जून १९६९. लंडनच्या हाइड पार्कमध्ये लाखाच्या आसपास माणसे उन्हात गवतावर बसली आहेत, आणि ज्या बँडसाठी ती जमली आहेत, त्याने इंग्लंडमध्ये अजून एकदाही लोकांसमोर वाजवलेले नाही. एरिक क्लॅप्टनच्या हातातली गिटार नीट पाहा: धड टेलिकास्टर या मॉडेलचे, मान स्ट्रॅटोकास्टर या दुसऱ्याच मॉडेलची. ब्लाइंड फेथ या बँडची जुळणीही काहीशी अशीच होती.

क्लॅप्टन आणि ड्रमर जिंजर बेकर हे नोव्हेंबर १९६८ मध्ये निरोपाचा कार्यक्रम केलेल्या क्रीम या बँडमधले; गायक आणि ऑर्गनवादक स्टीव्ह विनवुड ट्रॅफिक या बँडमधला; आणि बास वाजवणारा रिक ग्रेच तर फॅमिली या बँडचा अमेरिका दौरा अर्ध्यावर टाकून आलेला. खरे तर आधी क्लॅप्टन आणि विनवुड दोघेच खेड्यातल्या घरात निवांत वाजवत बसायचे. बेकरला घ्यायला क्लॅप्टन फारसा राजी नव्हता, कारण बेकर आला की लोक या नव्या बँडलाही क्रीमच समजतील अशी त्याला धास्ती होती. पण विनवुडने आग्रह धरला.

धास्ती खरी ठरली. १२ जुलैला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनपासून अमेरिकेचा दौरा सुरू झाला, तेव्हा स्वतःची गाणी मोजकीच, आणि प्रेक्षक क्रीमच्या गाण्यांसाठी ओरडणारे. शेवटी ती जुनी गाणी वाजवावीच लागली. क्लॅप्टनचे मन तर त्यांच्याआधी वाजवणाऱ्या डेलानी आणि बॉनी यांच्या बँडमध्येच अधिक रमू लागले. २४ ऑगस्टला होनोलुलूत शेवटचा कार्यक्रम झाला.

त्याच महिन्यात आलेला त्यांचा एकमेव अल्बम ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात गाणी सहाच, आणि त्यांतले बेकरचे गाणे पंधरा मिनिटांचे, जे (स्पष्टच सांगायचे तर) निम्म्यात आटोपले असते तरी चालले असते. पण ‘सी ऑफ जॉय’मध्ये ग्रेच बास सोडून व्हायोलिन हाती घेतो, आणि ‘कान्ट फाइंड माय वे होम’मध्ये विनवुडचा उंच, किंचित थकलेला आवाज अकूस्टिक गिटारच्या आधाराने चालतो, एरवी गडगडणारा बेकरही तिथे हलक्या हाताने वाजवतो. एवढ्यावरून तरी या चौघांना आणखी एक वर्ष, एखाद्या लहान सभागृहात, मिळायला हवे होते असे वाटते.

ग्रेच १९९० मध्ये गेला, बेकर २०१९ मध्ये. मधल्या काळात, फेब्रुवारी २००८ मध्ये, क्लॅप्टन आणि विनवुड त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तीन रात्री एकत्र वाजवायला उभे राहिले, आणि ब्लाइंड फेथची गाणी पुन्हा तिथे घुमली.