अ‍ॅम्प्लिफायरचे पॉवर सप्लाय कपॅसिटर: मायक्रोफॅरड शेवटी बघा

मंडळी, अ‍ॅम्प्लिफायर उघडला आणि मुख्य कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं, की बहुतेक जण आधी त्यावरचा मायक्रोफॅरडचा (साठवणक्षमतेचा) आकडा वाचतात आणि त्याहून मोठा कुठे मिळेल ते शोधायला लागतात. मी आज उलटा क्रम सांगणार आहे. आधी व्होल्टेज, मग रिपल करंट (डीसीवर उरलेल्या चढउतारामुळे, म्हणजे रिपलमुळे, कपॅसिटरमधून ये-जा करणारा प्रवाह) आणि तापमान, मग बसण्याचं माप. मायक्रोफॅरड सर्वांत शेवटी, कारण तिथेच सर्वांत जास्त सूट आहे.

पण मुळात दोष कपॅसिटरचाच आहे ना? मेन्स 50 हर्ट्झची असेल तर वाळलेल्या फिल्टर कपॅसिटरचा हम (स्पीकरमधली गुणगुण) 100 हर्ट्झचा असतो, आणि बहुधा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तो कमी होत नाही. खर्जातला 50 हर्ट्झचा हम असेल तर ग्राउंड लूप (ग्राउंडच्या दोन वाटांनी बनलेलं वेटोळं) किंवा केबलचं तुटलेलं शील्ड (जाळीचं आवरण) तपासा. तिथे कपॅसिटर बदलत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुसरी गंमत अशी, की कपॅसिटरचा जड डबा वर्षानुवर्षं हादरे खातो आणि पायाभोवतीच्या सोल्डरच्या टाक्याला गोल चीर पडते. असे ड्राय सोल्डर आधी नव्याने भरा. कित्येकदा दुरुस्ती तिथेच संपते. बुडाशी दिसणारा तपकिरी थर नेहमीच गळती नसतो, कंपनीने लावलेला गोंदही असतो. मात्र जुना गोंद काळपट झाला की वीज वाहू लागतो, शेजारचे पाय गंजवतो. तो खरवडून काढलेलाच बरा.

हात घालण्यापूर्वी प्लग काढा आणि कपॅसिटर रिकामे करा. 10,000 मायक्रोफॅरडमध्ये 56 व्होल्टला सुमारे 16 जूल ऊर्जा असते. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, ठिणगीने पाय आणि ट्रॅक दोन्ही जळतात. 100 ओहम, 5 वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी पाचेक सेकंद लावा आणि मीटरने बघा. दोन्ही रेल (धन आणि ऋण डीसी पुरवठ्याच्या वाहिन्या) वेगवेगळ्या रिकाम्या करायच्या. थोड्या वेळाने काही व्होल्ट पुन्हा चढलेले दिसतील; तो कपॅसिटरचा स्वभावच आहे, म्हणून पुन्हा मोजा.

आता व्होल्टेज. ट्रान्सफॉर्मर 40-0-40 व्होल्टचा असेल तर 40 ला 1.414 ने गुणून, डायोडचा एक व्होल्ट वजा करून साधारण 55.5 व्होल्ट येतात. मग 63 व्होल्टचा कपॅसिटर चालेल असं वाटतं. पण ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा पूर्ण लोडचा असतो. लोड नसताना तो 43 पर्यंत जातो; त्यात मेन्स 10 टक्के चढली तर 47, म्हणजे डीसी बाजूला 65 च्या पुढे. अशा वेळी 63 चा डबा हळूहळू मरतो. इथे 80 व्होल्टच हवा. 100 व्होल्टचा मिळाला आणि बसला तरी बिघडत काही नाही. जास्त रेटिंगचा कपॅसिटर कमी व्होल्टेजवर ‘नीट चालत नाही’ ही समजूत सोडून द्या.

रिपल करंटकडे मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि घोडं तिथेच पेंड खातं. 8 ओहमवर 100 वॉट देणारे दोन चॅनेल पूर्ण ताकदीने चालले तर प्रत्येक रेलमधून सरासरी 3.2 अँपिअर जातात. कपॅसिटरमधला रिपल करंट याच्या साधारण दीडपट ते दुप्पट असतो. गाणं ऐकताना सरासरी याच्या किती तरी खाली असते, त्यामुळे पूर्ण आकड्याचा हट्ट नको. पण डेटाशीटमधला आकडा जुन्या भागापेक्षा कमी नको. इथे एक फसगत होते. स्विचिंग सप्लायसाठी बनवलेल्या लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाच्या) कपॅसिटरचा रिपल 100 किलोहर्ट्झला दिलेला असतो, आपल्याला 100 किंवा 120 हर्ट्झचा हवा. त्या दोन आकड्यांची थेट तुलना होत नाही.

तापमानाचं गणित सोपं आहे: दर 10 अंश कमी तापमानाला आयुष्य ढोबळमानाने दुप्पट. म्हणून 105 अंशाला 2,000 तासांचा कपॅसिटर 85 अंशाला सुमारे 8,000 तासांचा होतो आणि ‘85 अंश, 5,000 तास’ वाल्याला मागे टाकतो. हीटसिंकला खेटून बसणाऱ्या डब्यासाठी 105 चाच घ्या.

माप घेताना पायांमधलं अंतर मोजा. स्नॅप-इनला (बोर्डात दाबून बसणाऱ्या आखूड पायांच्या डब्याला) ते सहसा 10 मिलिमीटर असतं. व्यास 22, 25, 30 किंवा 35. आजचे डबे त्याच आकड्याला जुन्यापेक्षा लहान असतात. उरलेल्या जागेत जास्त मायक्रोफॅरड कोंबण्यापेक्षा जास्त व्होल्ट आणि जास्त रिपलवाला मोठा डबा बसवा. पृष्ठभाग मोठा, म्हणून थंडही राहतो. व्हेंटच्या (दाब वाढला की फुटणाऱ्या डोक्यावरच्या खाचेच्या) वर किमान 3 मिलिमीटर मोकळे हवेत.

आणि मायक्रोफॅरड? वरच्याच उदाहरणात 10,000 ला पूर्ण ताकदीवर रिपल जास्तीत जास्त 3.2 व्होल्ट, 15,000 ला 2.1. एवढ्या फरकाने कानाला काही कळत नाही, कारण उरलेला रिपल अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच दाबतो. मूळ भागालाच बहुधा 20 टक्के कमी-जास्तची मुभा असते. दीडपटीपर्यंत सहसा हरकत नाही. दुप्पट-तिप्पट केलंत तर सुरू करतानाचा झटका वाढतो, फ्यूज उडतो, डायोडमधून करंट अरुंद आणि उंच ठोक्यांनी जातो आणि ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. व्हॉल्व्ह रेक्टिफायर (डायोडऐवजी एसीचं डीसी करणारी काचेची नळी) असेल तर ढिलाई अजिबात नको: जीझेड 34 या व्हॉल्व्हच्या पुढचा पहिला कपॅसिटर 60 मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नये. ‘ऑडिओ ग्रेड’ सोनेरी वेष्टणाला माझ्या लेखी या जागी फारशी किंमत नाही. निचिकॉन, पॅनासॉनिक, रुबिकॉन, केमेट यांचा साधा माल चालतो, फक्त अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. नकली मालात मोठ्या डब्याच्या आत छोटा कपॅसिटर सापडतो. हातात घेतल्यावर वजनाने हलका लागतो.

दोन्ही रेलचे एकाच वेळी, एकाच जातीचे बदला. बसवताना ध्रुव तपासा: डब्यावरचा पट्टा ऋण बाजूचा. ऋण रेलवर ग्राउंडला धन पाय जातो. नेमकं तिथेच हात चुकतो. छापील खुणेवर विसंबू नका, जुना काढण्याआधी फोटो घ्या. दोन कपॅसिटरच्या मधल्या ग्राउंडपट्टीवर तारा ज्या क्रमाने होत्या तशाच लावा. चार्जिंगचे ठोके त्या पट्टीतून जातात; स्पीकरची किंवा इनपुटची ग्राउंड तार चुकीच्या टोकाला गेली, तर नवे कपॅसिटर बसवूनही हम वाढलेला दिसेल.

पहिल्यांदा मेन्स 60 किंवा 100 वॉटच्या तंतूच्या बल्बमधून सिरीजने द्या, स्पीकर न जोडता. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर लगेच बंद करा, ध्रुव उलटा आहे किंवा ब्रिज (रेक्टिफायरच्या चार डायोडांचा संच) शॉर्ट आहे. दोन्ही रेल जवळपास सारख्या आल्या आणि आउटपुटला डीसी 50 मिलिव्होल्टच्या आत असला की बल्ब काढा. मग एसी रेंजवर दोन्ही रेलचा रिपल मोजा. अर्ध्या तासाने प्लग काढून, रेल रिकाम्या करून, डब्यांना हात लावून बघा. गाणं न वाजवताही एखादा गरम लागला, तर तो बसवण्यात किंवा निवडण्यात चूक झालेली आहे.